गुडघ्याचं नाव काढायचं नाही

"झेंडा पाडा, बाई! वारा झकास आहे!" ग्रेगोर खालून बोंबलत होता.

माझी वहिनी ऐकायला तयार नव्हती. टेबलाशेजारच्या लाकडी मचाणावर झेंडा उंच धरून ती वर बघत उभी होती. घसरगुंडीच्या ज्या टोकावरून उडी मारणारा हवेत सुटतो, त्याला आम्ही टेबल म्हणतो. वरच्या आडव्या दांडीवर वहिनीची शिष्या टिंकारा स्की बांधून बसली होती. प्रशिक्षकाने झेंडा पाडला की निघायचं. हिरवा दिवा लाल होईपर्यंत निघाली नाही तर उडी बाद. मी उतारावर बर्फाऐवजी अंथरलेल्या प्लास्टिकवर पाणी मारून नुकताच बाजूला झालो होतो. उन्हाळ्यात बर्फ नसतो, म्हणून आमची माणसं काही उडायची थांबत नाहीत.

पोरगी वर काय करत होती, ते मलाही दिसलं. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा. एकेका ठिकाणी हात लावत होती, चर्चमध्ये क्रूसाची खूण करावी तशी.

दिवा लाल झाला. झेंडा अजून वरच होता.

ग्रेगोर तावातावाने मचाणापाशी आला. तो प्रांताच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. लहानपणी याच टेकडीवर वहिनीच्या हाताखाली शिकला होता, म्हणून ती त्याला अरे-तुरे करायची.

"पहिली उडी शून्य! दोन उड्यांची बेरीज धरणार आहे, माहीत आहे ना तुम्हाला? संघात जागा चारच आहेत!"

"माहीत आहे. वर जाताना तिला काय सांगितलंस?"

"जे सांगायला हवं तेच. हिवाळ्यात पडली तेव्हा तिचा गुडघा आत वळला होता. गुडघे बाहेर, कंबर पुढे, खांदे खाली."

"घरी बसवून चित्रफीत दाखव, हवं तितकं बोल. पण दांडीवर बसलेल्या पोरीला गुडघ्याची आठवण करून दिलीस, तर ती उडणार नाही. गुडघाच सांभाळत बसेल, आणि पुन्हा पडेल."

"बाई, सगळ्या प्रशिक्षकांनी एकच भाषा बोलायची, असं ठरलंय."

"तुम्ही बोला. माझी जीभ माझ्या तोंडात आहे. तुला मी काय सांगायची रे?"

ग्रेगोरचे कान तांबडे झाले. तो मूर्ख नव्हता, वाईट तर मुळीच नव्हता. "टेबल दरीत ढकल, म्हणायचात," तो पुटपुटला.

"आणि ढकलायचास की नाही?"

तो खाली गेला आणि वहिनी दुखरी कंबर घेऊन पायऱ्या चढू लागली. आठवडाभर ती टपाल कचेरीच्या खिडकीत तिकिटं विकते. तिच्या तरुणपणी मुलींना स्पर्धेत घेत नसत. म्हणे, बाईच्या जातीला उडी सोसत नाही. फक्त स्पर्धेआधी टेकडी ठीक आहे का ते बघायला तिला उडवायचे. तिची एकही उडी कोणी मोजली नाही. मला अजून त्याचा संताप येतो.

स्की खांद्यावर टाकून उतरणारी टिंकारा तिला अर्ध्यात भेटली.

"मावशी, झेंडा का नाही पाडलात?"

"तू दांडीवर नव्हतीस, गुडघ्यात होतीस. आता नीट ऐक. टेबल दरीत ढकलायचं. बस्स."

"आणि गुडघा?"

"तो कुठे जातोय? येईल तुझ्या मागून."

दुसऱ्या वेळी झेंडा लगेच पडला. टिंकाराने टेबल असं काही झिडकारलं की माझ्या हातातली नळी सुटली. अंतर मोजणारी माणसं उताराच्या अगदी तळाशी उभी होती, तरी पोरगी थेट त्यांच्या रेषेत येऊन टेकली. त्या दिवशी तिच्याएवढं लांब कोणीच गेलं नाही.

बेरजेत शून्य ते शून्यच. ग्रेगोरने चार नावं वाचली, त्यात टिंकारा नव्हती. मग तो वहिनीकडे आला आणि नजर न मिळवता म्हणाला, "झेंडा द्या, बाई. पुढच्या महिन्यापासून इथे दुसरा माणूस येईल."

तिने दिला. गाड्या निघून गेल्या.

"तुमच्यामुळे गेली माझी जागा!" टिंकारा रडत ओरडली.

"हो, माझ्यामुळे गेली," वहिनी म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन. पडलेली पोर मला आणखी एकदा उचलायची नाही."

पोरीने बाहीला नाक पुसलं. बराच वेळ ती गवतात बसून बुटाचा बंद ओढत राहिली. मग तिने स्की उचलल्या आणि पायऱ्यांकडे वळली.

"आता कशाला गं?" मी विचारलं.

"आता कोणासाठी नाही, काका. पाणी मारा."

मी तोटी उघडली. वहिनी मचाणावर चढली. वर टिंकारा दांडीवर बसली होती, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून, नजर समोरच्या दरीवर. वहिनीने रिकामा हात उंच केला, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि खाली आणला.