पाचवं प्रकरण

तत्त्वज्ञान विभागात सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे, आणि गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या डोळ्यांना आजवर नंबर लागला नव्हता. चष्म्यांचं दुकान होतं ते घरचं. सकाळी ती दादाबरोबर काउंटरमागे उभी राहून फ्रेमा तापवायची, दांड्या वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून कुठं रुततंय ते बघायची. दुपारी तीच बाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून पीएचडी करायची. लोकांची मुलं शाळेत जाऊन कॉलेजात पोचली, तरी हिचा प्रबंध चालूच होता. नातेवाइकांनी विचारायचंही सोडून दिलं होतं.

प्रबंधाचा विषय होता मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. तो पाळायचा का, आणि पाळायचा तर का, एवढंच. हा विषय तिला पुस्तकात सापडला नव्हता. जाण्याआधी आई दवाखान्यात हिचा हात घट्ट धरून म्हणाली होती, "दुकान सोडायचं नाही. शब्द दे." तिनं दिला. त्या घटकेला दुसरं काय करणार? हात सोडवून घेणार?

पहिली चार प्रकरणं गुणी मुलीसारखी होती. कोण काय म्हणालं, कुणी त्याला काय उत्तर दिलं, सगळं नीट मांडलेलं. पाचव्यात मात्र चष्मेवाली स्वतः बोलायला लागली होती, आणि तिथंच घोडं अडलं. तिच्या मार्गदर्शक सरांचं सगळं नाव एका सिद्धान्तावर उभं होतं: मेलेला माणूस आपल्याला शब्दातून मोकळं करू शकत नाही, म्हणून त्याला दिलेला शब्द सगळ्यांत पक्का. पाचव्या प्रकरणात तिनं नेमकं उलटं लिहिलं होतं.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढला (हिच्याच दुकानातला, सवलतीत दिलेला) आणि म्हणाले, "हे काढून टाका."

"चुकलंय का, सर?"

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही. प्रबंधाला चार प्रकरणं पुष्कळ झाली. सादरीकरणात याचा उल्लेख नको. तो झाला तर माझी सही विसरा."

सही नाही म्हणजे पदवी नाही. पदवी नाही म्हणजे दूरच्या विद्यापीठात तिला कबूल झालेली शिकवायची जागा नाही. ती जागा गेली की मग जन्मभर फ्रेमा तापवा. तिला सगळं कळत होतं. संताप इतका आला होता की टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीबाहेर भिरकावावा. ती "बघते" एवढंच म्हणून बाहेर पडली.

आता विभागातली एक जुनी रीत सांगायला हवी. प्रबंध सादर करण्याआधी विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर तो मांडायचा, बाहेरून एक तज्ज्ञ येणार, आणि श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे. कुणी भलतंच विचारून फजिती करू नये म्हणून विद्यार्थी आधीच प्रश्न लिहून चिठ्ठ्या मित्रांना वाटून ठेवायचा. याला विभागात 'पेरणी' म्हणत. सरांना ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी प्रश्न आला की सगळे कसे अगदी अचंब्यानं माना डोलवायचे.

चष्मेवालीनंही पेरणी केली. चार प्रकरणांवरचे सोज्वळ प्रश्न चार जणांना दिले. आणि पाचवी चिठ्ठी दिली तळटीपला. हा तिच्याहून बराच लहान संशोधक. साधं 'आज उकडतंय' म्हणायचं तरी कुणाचा तरी दाखला द्यायचा, म्हणून हे नाव. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला, तर नुकसान कुणाचं होतं?

तळटीपनं चिठ्ठी दोनदा वाचली. "ताई, हे तर पाचवं प्रकरण."

"हो."

"सर मला कच्चा खातील. माझी पीएचडीही त्यांच्याकडेच आहे ना."

"तू नुसता प्रश्न विचार. खायचं तर मला खातील. उल्लेख मी केला नाही, श्रोत्यानं विचारलं, मी उत्तर दिलं. प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

सादरीकरणाच्या दिवशी सभागृहात पंखे घरघरत होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई पहिल्या रांगेत, शेजारी सर. चष्मेवाली व्यासपीठावर गेली, कागद सारखे केले आणि समोर बघितलं. मागच्या रांगेत तळटीपच्या शेजारी दादा बसला होता. भर दुपारी दुकान बंद ठेवून आलेला. आदल्या दिवशीच त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. नोकरीचं कळल्यावर त्यानं एकच वाक्य लावून धरलं होतं: "आईला शब्द दिलायस तू."

तिनं चार प्रकरणं मांडली. पेरलेले प्रश्न वेळच्या वेळी उगवले. सर समाधानानं मान हलवत होते. मग तळटीपची पाळी आली. तो अर्धवट उठला, सरांनी सहज मान वळवून मागे पाहिलं, आणि पठ्ठ्या तसाच खाली बसला. चिठ्ठी त्याच्या हातात निखाऱ्यासारखी झाली असावी, कारण त्यानं ती शेजारच्या माणसाच्या हातात कोंबली. शेजारी कोण आहे हे त्या मूर्खाला माहीत नव्हतं.

दादानं चिठ्ठी उघडली. दुकानात नंबर तपासावा तशी डोळ्यांजवळ धरून वाचली. मग तिची घडी करून खिशात घातली आणि उभा राहिला.

"मला इंग्रजी-बिंग्रजी काही विचारायचं नाही," तो म्हणाला. "आई मरताना मुलीनं तिला शब्द दिला. आई विश्वासानं गेली. आता मुलगी म्हणते, मी निघाले. तर त्या आईनं काय करायचं? ती तर बोलू शकत नाही."

सर घाईघाईनं उठले. "हा प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा आहे. पुढचा प्रश्न."

सुटकेचा दरवाजा सताड उघडा होता. नुसती मान हलवली असती तर सही मिळाली असती. दादाला घरी गेल्यावर काहीबाही सांगता आलं असतं. आणि तिनं विचारायला लावलेला प्रश्न हा नव्हताच. तो कागदावरचा होता. हा घरातला होता, आणि त्याचं उत्तर तिनं आजवर घरात कधी दिलं नव्हतं.

"कक्षेतलाच आहे, सर," ती म्हणाली. "माझं पाचवं प्रकरण यावरच आहे. तुम्ही काढायला सांगितलंत ते."

सर उभ्या उभ्या लाल झाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती दादाकडे बघून बोलत होती.

"ती बोलू शकत नाही, तेच तर माझं म्हणणं आहे. आई जिवंत असती तर मी तिच्याशी भांडले असते. ती रुसली असती, मला नाही नाही ते बोलली असती, दोन दिवस जेवली नसती. आणि मग कदाचित म्हणाली असती, जा बाई एकदाची. शब्द हा दोघांमधला असतो, पुन्हा बसून बोलता येईल असा. ज्याच्याशी भांडताच येत नाही त्याला दिलेला शब्द हा शब्द राहत नाही. तो हुकूम होतो. आणि तो हुकूमही मेलेलं माणूस चालवत नाही. त्याच्या नावानं जिवंत माणसं चालवतात." तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "आईवर माझा जीव होता. अजून आहे. पण तिला मी कोंडून घालणारी बाई करणार नाही. ती तशी नव्हती. मी जाणार आहे."

तज्ज्ञ बाईंनी सरांकडे वळून विचारलं, "हे प्रकरण प्रबंधात नाही?"

"अनावश्यक वाटलं," सर पुटपुटले.

"असं? मला बाकीची चार अनावश्यक वाटली." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "पाचवं असेल तर प्रबंध माझ्याकडे पाठवा. नसेल तर तसदी घेऊ नका."

सर आपल्या खोलीकडे निघून गेले. सही करणार की नाही, ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं.

चष्मेवाली बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा दादा खांबाला टेकून उभा होता. तळटीप त्याच्यासमोर माफी मागत होता, आणि मधूनच कुणाचा तरी दाखलाही देत होता. तिला बघून तो सटकला.

"पटलं नाही मला," दादा म्हणाला.

"नको पटू दे."

"आईनं माझ्याकडूनही शब्द घेतला होता. तुला नाही सांगितलं कधी." तो जमिनीकडे बघत होता. "म्हणाली होती, हिला दुकान सोडू देऊ नकोस. काहीही झालं तरी."

इतकी वर्षं ती ज्याला पहारेकरी समजत होती, तोही त्याच कुलपाच्या आत बसला होता.

"मग?" तिनं विचारलं.

दादानं खिशातून चिठ्ठी काढली, पुन्हा एकदा वाचली. "नुकसान कुणाचं होतं, असं विचारलंयस. माझं होणार आहे. काउंटरवर एकट्यानं उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे?" त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. "पण माझं मी बघेन. ते पाचवं प्रकरण कुठाय?"

तिनं पिशवीतून कागद काढले. ते तिनं घरी कधी ठेवलेच नव्हते.

"जोड मग बाकीच्या चार प्रकरणांना," दादा म्हणाला, "आणि चल. तुझे सर निघून जायच्या आत गाठू. मी दाराशी थांबतो. सही केल्याशिवाय बाहेर कसे पडतात ते मी बघतो."

"दादा, हे तुझा शब्द मोडणं झालं."

"हो," तो म्हणाला. "आता आईशी माझं मी भांडेन."