हिरव्या उजेडाची काहील

गावच्या जत्रेसाठी सुनेला न्यायला हरिबा कराडहून एसटीनं साताऱ्यात आले, ते थेट तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मुलगा वीरधवल फौजेत, लेहला. सून क्रांती इथं पीएच.डी. करत एकटी राहायची, म्हणून तिला भेटायला हरिबा काही ना काही निमित्त काढायचेच.

"मामा, मला न्हाई जमायचं यायला," क्रांती म्हणाली. चेहरा उतरलेला होता. "काम अडलंय."

ती अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण बनवत होती. अतिनील दिव्याखाली ते उजळायचे. कण लहान असले की हिरवे, वाढले की पिवळे, आणखी वाढले की तांबडे. पदार्थ तोच, फरक नुसता आकाराचा. द्राक्षांवर फवारलेल्या औषधाचा अंश ओळखणाऱ्या पट्टीसाठी तिला हिरवे हवे होते. लहान चंबूत ते जमले होते. जास्त लागणार म्हणून मोठा चंबू घेतला, तर चारही वेळा पिवळेच आले.

"माझ्यासमोर कर बघू," हरिबा म्हणाले. तीस वर्षं ते गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस आटवायची काहील जाळावरून कधी उतरवायची ते त्यांनीच सांगायचं.

क्रांतीनं त्यांना जाड चष्मा घालायला दिला, तेल तापवलं, रसायन सोडलं. थेंब काढून दिव्याखाली बघत राहिली. हिरवा दिसताच हीटर काढला. चंबू निवला तेव्हा उजेड पुन्हा पिवळाच.

"उतरवलंस कवा?"

"हिरवा झाल्याबरोबर."

"तितंच चुकतंय, पोरी. भांडं मोठं हाय, लवकर निवत न्हाई. जाळ काढला तरी आतल्या आत शिजतंय. व्हायच्या आदुगर उतरव."

क्रांतीनं कपाळावर हात मारला. लगेच दुसरा चंबू मांडला. पण या वेळी फारच घाई झाली, कण पुरेसे वाढलेच नाहीत आणि उजेड निळसर राहिला.

"आवं मामा, आता?"

"आता जरा दम धर. एवढंच."

तिसऱ्या खेपेला चंबू निवला आणि कोवळ्या भातासारखा हिरवागार उजेड भरला. हरिबांनी चष्मा सारखा करून चंबूकडं वाकून बघितलं. मग म्हणाले, "वीरधवलला फोटो धाड."

दुपारच्या एसटीनं दोघं गावाकडं निघाली. शेजारच्या अनोळखी माणसानं चौकशी केली, तेव्हा हरिबा ताठ बसत म्हणाले, "ही सून आमची. उजेड शिजवती."


क्रांती खिडकीकडं तोंड करून हसत राहिली.