हिरड्यापाशी थांबलेली लिफ्ट

गारगोटीच्या पुढं डांबरी सडक संपते, तिथून वर डोंगराच्या सोंडेवर अप्पांनी मातीच्या भिंतींचं पाच खोल्यांचं लॉज बांधलं, तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या दोस्तांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. झऱ्याचं पाणी, शेणानं सारवलेली जमीन आणि पोचायला नुसती पायवाट. "चढून येईल तोच आपला पावणा," असं अप्पा छाती काढून सांगायचे. मग एका सकाळी कोल्हापुरात दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा गळून पडला. उजवी बाजू लुळी झाली. जीभ हळूहळू परत आली, काठी धरून घरातल्या घरात चालणंही जमलं. डोंगर मात्र सुटला.

त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी शाळेची नोकरी सोडली आणि दोन वर्षं कोल्हापूर आणि डोंगर अशा खेपा घालत लॉज एकटीनं ओढलं. डोलीत बसवून वर नेऊ म्हटलं, तर अप्पांनी काठी आपटली. शेवटी २००६ साली बाईंनी गडहिंग्लजच्या प्रसेनजीतला बोलावलं. पॉलिटेक्निक झालेला, स्वतःचं वर्कशॉप असलेला, मोजकं बोलणारा माणूस. घाटातल्या एका मळ्यावर त्यानं माल चढवायची ट्रॉली केली होती.

"माणसं न्यायची लिफ्ट अजून केली न्हाय, बाई," तो म्हणाला. "पण करतो. फक्त घाई करू नका."

उतार फिरून बघितल्यावर तो म्हणाला, "रूळ न्यायला दोन वाटा हाईत. एक कातळातनं. पण सुरुंग लावला तर झरा राहील का जाईल, सांगता येत न्हाय. दुसरी सरळ वर जाती. तिच्या मधी तो हिरडा येतोय."

पहिल्यांदा हा डोंगर चढले तेव्हा अप्पा त्याच हिरड्याखाली दम खायला बसले होते. घर बांधायचं तर इथंच, हे तिथं बसल्या बसल्या ठरलं. मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून पुढं त्यांनी पायवाटसुद्धा वळवून घेतली. बाईंनी रात्र तळमळून काढली. सकाळी प्रसेनजीतला म्हणाल्या, "हिरडा जाऊ दे." रीतसर परवानगी निघाली, झाड पडलं. कोल्हापुरात अप्पा विचारायचे, "रूळ कुठनं नेलं?" बाई म्हणायच्या, "सरळच," आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या.

रूळ बसले, वर दोर ओढणारी विजेची मोटार बसली. प्रसेनजीत आणि त्याचे चुलते भाऊसो यांनी वाळूची पोती भरून लिफ्टचा पाळणा चढवला, उतरवला. मुद्दाम तारेचा दोर ढिला सोडून बघितला. ब्रेकनं रूळ गच्च धरला, तेव्हा कुठं प्रसेनजीत हसला.

आता अप्पाच अडून बसले. "मी काय उसाची मोळी हाय, कारखान्याच्या गव्हाणीत टाकायला?"

प्रसेनजीत स्वतः कोल्हापूरला गेला. "अप्पा, पहिला माणूस तुमी. तुमी बसला न्हाईसा, तर तुमच्या डोंगरावर दुसऱ्यांनी कशाला बसायचं?"

अप्पांनी काठी मागितली.

थंडीतल्या एका सकाळी अप्पा आणि बाई पाळण्यात बसले. बाईंनी अप्पांचं तोंड मुद्दाम दरीकडं केलं. हिरडा होता तिथून पाळणा जाईपर्यंत त्यांना बोलण्यात गुंतवायचं, असा बेत. खालची भातखाचरं, नदीचं वळण, बाई एकेक दाखवत सुटल्या. अप्पा लहान पोरासारखे बघत होते. आणि खाडकन पाळणा थांबला.

"लाईट गेली!" वरून प्रसेनजीतची हाक आली. "भिऊ नका, ब्रेकनं धरलंय!"

पडायची भीती बाईंना वाटलीच नाही. उजव्या अंगाला, गजांच्या पलीकडं हातभरावर, कापलेल्या हिरड्याचा उरलेला बुंधा होता. अप्पांनी मान वळवली.

"हिरडाच न्हवं हा?"

"हो." बाईंनी मान हलवली. मग कातळ, सुरुंग, झरा, सगळं भराभरा सांगून टाकलं.

"झऱ्यासाठी मीच पाडला असता," अप्पा म्हणाले. "पण मला विचारलं का न्हाईस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"त्रास!" अप्पांचा आवाज चढला. "दोन वर्षांत मला कुणी काय विचारलंय? भाजी कुठली करायची, शर्ट कुठला घालायचा? डॉक्टर माझ्या तोंडावर तुला विचारतोय, ह्यांना झोप लागती काय? हात गेला माझा, कालिंदी. मी न्हाय गेलो."

दोन वर्षं बाईंनी न विचारता चहा पुढं ठेवला, चादर बदलली, भेटायला आलेली माणसं दारातूनच परत पाठवली. हीच माया, असं त्यांना वाटत आलं होतं. डोळ्यांना पदर लावावा तर अप्पा बघतील, म्हणून त्या दरीकडं बघत राहिल्या.

प्रसेनजीत रुळाच्या कडेनं उतरत आला. "बाई, हातानं वर वडून घिऊ, का खाली सोडू? खाली सोपं पडंल."

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "त्यांना विचार."

अप्पा दमानं म्हणाले, "वर. पण आधी दार उघड. खोडापाशी बसू दे जरा."

"न्हाय अप्पा. मधी दार उघडू देणार न्हाय मी."

अप्पा क्षणभर तांबडे झाले, मग हसले. "शाना हाईस." डावा हात त्यांनी गजातून बाहेर घालायचा प्रयत्न केला, तोल जायला लागला. "कालिंदी, धर की."

बाईंनी दोन्ही हातांनी त्यांना धरलं. अप्पांची बोटं बुंध्यावर टेकली, थोडा वेळ तशीच राहिली.

भाऊसो आणि प्रसेनजीत यांनी घामाघूम होत हँडल फिरवून पाळणा वर घेतला. लॉजवर स्वयंपाक करणाऱ्या सरुबाई हात पुसत धावत आल्या आणि इतक्या दिवसांनी अप्पांना बघून रडायलाच लागल्या. "रडतीस काय? वाढ की," अप्पा ओरडले.

तो हिवाळा दोघं वरच राहिली. प्रसेनजीतनं पाळण्यात डाव्या हाताला धरायला एक दांडी जोडून दिली. पाहुणे लिफ्टनं येऊ लागले. आमटीतल्या मिठावरून, खोल्यांच्या रंगावरून नवरा-बायकोची रोज कडाक्याची भांडणं व्हायची, आणि बाई कधी कधी अजूनही न विचारता काहीतरी करून मोकळ्या व्हायच्या. मग अंगणातून अप्पांची हाक यायची, आणि बाई कमरेला पदर खोचून भांडायला बाहेर यायच्या.