धागा हलता कामा नये

नवी सून घरात आली की तिला आधी चूल दाखवायची की माग, हे आंधळगावात घराघरावर अवलंबून असतं. चंद्रकांताला तिच्या सासऱ्यांनी, भैय्यालालजींनी, तिसऱ्याच दिवशी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं आणि पहिला धडा दिला. कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, तुटलेला धागा सांधताना श्वास रोखायचा, नाहीतर नाकातल्या वाऱ्याने टोक उडतं आणि मग ते शोधत बसावं लागतं. सून आज्ञाधारक निघाली. तेहेतीस वर्षं तिने श्वास रोखला. दिवसातून पन्नासदा धागा तुटायचा, पन्नासदा ती रोखायची, आणि पुढे पुढे तर धागा शाबूत असतानाही रोखायची. सासूच्या आजारपणात रोखला, पोराच्या निकालाला रोखला, नवऱ्याला यायला उशीर झाला की दारात उभी राहून रोखला. कुणी तिला सोडायला सांगितलंच नव्हतं.

माघात ती गुड्डीची साडी विणायला बसली. गुड्डी धाकटी, तिचं लग्न वैशाखात, आणि पोरीने मांडवात आईच्या हातचा कोसा नेसायचा हे चंद्रकांताने ती पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. निम्मी साडी झाली आणि एका दुपारी धागा सांधताना तिची छाती आवळली. बोटांना मुंग्या आल्या, कान भणभणले, हवा घशाखाली उतरेना. आपण आता मेलो, असं तिला स्पष्ट वाटलं. तिचा नवरा जागेश्वर बाजूलाच धोट्याच्या कांड्यांवर धागा भरत होता. त्याने तिला खड्ड्यातून ओढून काढलं आणि तडक भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा घाबरण्याचा झटका आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि गावच्या आरोग्य केंद्रात सकाळी योगवर्ग असतो तिथेही जा म्हणाले. चंद्रकांताला हा चक्क अपमान वाटला. जीव जाता जाता राहिला, आणि औषध काय, तर सतरंजीवर बसून नाक धरायचं.

पण तसं आणखी तीनदा झालं. मग तर खड्ड्याकडे पाहिलं तरी हातपाय गार पडायला लागले. जागेश्वर म्हणाला, उरलेली साडी पुतण्या विणून देईल. तिने साफ नकार दिला. प्रत्येक विणकराचा फणीचा ठोका वेगळा असतो; हात बदलला की कापड चुगली करतं. मग गुड्डी समजुतीने म्हणाली, जाऊ दे, नागपूरहून विकत आणू. त्या समजुतीनेच चंद्रकांता पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती सतरंजी घेऊन आरोग्य केंद्रात हजर.

वर्ग घेणारी तेजस्विनी वरठीहून स्कूटीवर यायची. चौथ्या दिवशी तिने थोडा वेळ श्वास आत धरायला सांगितला, आणि चंद्रकांताने सगळ्या बायकांना मागे टाकलं. बाकीच्या केव्हाच फुसफुसत मोकळ्या झाल्या, ही आपली ताठ बसलेली. डोळे उघडून तिने कौतुकाची वाट पाहिली. तेजस्विनीने कौतुक केलं नाही. एवढा वेळ धरायला कुठे शिकलात, असं विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि वर्ग संपल्यावर माग बघायला घरी आली.

चंद्रकांता घाबरत घाबरत खड्ड्यात बसली. तेजस्विनीने तिच्या पाठीवर तळवा ठेवला. धागा तुटला, सांधला, धोटा दोनदा इकडून तिकडे गेला, तरी तळव्याखाली पाठ लाकडासारखीच.

"काकू, गाठ केव्हाच बसली," तेजस्विनी हळूच म्हणाली, "श्वास अजून सोडलाच नाही तुम्ही."

"सोडला का धागा उडते. माह्या सासऱ्यानं शिकवलं हाय मले."

मला विणकाम येत नाही, ते तुम्हीच जाणता, एवढं बोलून पोरगी निघून गेली. चंद्रकांताला तिचा रागच आला, कारण ती बरोबर बोलली होती.

मग तिने स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला. दाराच्या चौकटीला कोशाचा एक धागा टांगला, नाकापासून चार बोटांवर येईल असा, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. श्वास पूर्ण सोडायचा, पण धागा हलता कामा नये. पहिले आठ दिवस धागा नुसता नाचला. जागेश्वरने विचारलं, धाग्याची पूजा मांडली का. तिने उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यानेही धागा हलला असता. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की मन मांडवात, आचाऱ्याकडे, व्याह्यांच्या रुसव्याकडे गेलं की धागा आधी हलतो आणि आपल्याला मागून कळतं. कळलं की ती परत यायची. दिवसातून शंभरदा गेली, शंभरदा परत आली. वर्गात पालथं पडून छाती उचलायचं आसन रोज केल्याने वाकलेली पाठही सैल व्हायला लागली. गोळ्या चालूच होत्या.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच खड्ड्यात उतरली. भीती आलीच. बोटांना मुंग्या आल्या, छाती आवळली. मात्र या वेळी ती उठली नाही. ही आली, असं तिने मनात म्हटलं आणि चौकटीच्या धाग्यासमोर सोडायची तसा श्वास लांब सोडला, पुन्हा सोडला. भीती बराच वेळ बसली आणि कंटाळून गेली. तासाभराने धागा तुटला. चंद्रकांताने श्वास सोडत सोडत तो सांधला. टोक जागचं हललं नाही.

लग्नाच्या नऊ दिवस आधी साडी मागावरून उतरली. गुड्डीने ती खाटेवर पसरली, काठावरून बोट फिरवत गेली आणि बरोबर मध्यावर थांबली. अलीकडचं कापड घट्ट, कडक; पलीकडचं मऊ, सैल पडणारं. चंद्रकांताने ते आधीच पाहिलं होतं. ज्यासाठी पुतण्याला नाही म्हटलं, तेच झालं होतं, आणि तेही स्वतःच्याच हाताने. लपवायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

"माय, इथून पोत काहून बदलला व?"

"तिथून मी श्वास सोडाले लागली, बाई."

गुड्डीने मऊ बाजू उचलून खांद्यावर घेतली. "मंग हे इथंच राहीन," ती म्हणाली.

पदर त्याच बाजूला होता, तेव्हा ती बाजू खांद्यावर यायचीच होती. तरी चंद्रकांताला रडू आलं, आणि तिने ते रोखलं नाही.