शेंदराखालचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. सध्या देवाच्या ओट्याखाली असतो, म्हणून माझा आवाज जरा दबका वाटेल.

जन्म बिस्किटांसाठी झाला, पण उमर गेली चांदूर रेल्वेला, शकुनच्या घरी, हार ओवायच्या सुया न् दोरे सांभाळण्यात. झाकण असं घट्ट, की शकुन म्हणायची, "आमच्या घरात तोंड बंद ठेवणारा हा एकटाच गुणाचा!"

मग तिच्या लेकीनं, वर्षालीनं, मला नवं काम दिलं. मोबाइलवर एक खेळ असतो. कुणी डबा लपवतं, जागा नकाशावर टाकतं. शोधणारे येतात, आतली एक वस्तू घेतात, आपली एक ठेवतात आणि डबा होता तिथंच लपवून जातात. वर्षालीनं मला गावच्या बागेतल्या कडुनिंबाखाली, एका दगडाच्या पोटात सरकवलं. माझ्या पोटात तिच्या पणजीचा, गोदाबाईचा फोटो. मागं लिहिलेलं: 'हा फोटो नेऊ नका. ही बाग हिचा फुलमळा होता. दुष्काळात हिच्या विहिरीनं गावाला पाणी पाजलं. दगडावरच्या खाचा हिच्याच दोराच्या.'

विहीर बुजवून बाग झाली. बागेच्या फलकावर गोदाबाई कुठंच नाही. निदान या खेळात तरी तिचं नाव राहावं, एवढीच पोरीची आस.

दिवस बरे गेले. परतवाड्याचे, अकोल्याचे लोक यायचे, गुडघे टेकून वाकायचे, वाचायचे. एक जण खाचेत बोट फिरवत म्हणाला, "बापा, किती दोर ओढला असन या बाईनं!" पत्र्यालाही ऊर असतो, हे मला तेव्हा कळलं.

पण बागेच्या बाकावरून गावातले वडीलधारे खुशालराव पाहत होते.

"एवढ्या दुरून लोकं येऊन पाया पडून राहिले, न् आपल्याले पत्ताच नाही!"

एका मंगळवारी दगडाला शेंदूर लागला. दोराच्या खाचा देवाची बोटं ठरल्या. मग नारळ आले, मग ओट्यासाठी सिमेंट. वर्षाली धावत आली.

"आबाजी, देव नोहे तो! आमच्या विहिरीचा दगड हाय. खाली माहा डबा हाय!"

"देवाले डबा म्हणून राहिली काय वो? शकुनबाई, समजवा पोरीले."

नव्या देवाचे पहिले हार शकुनच्याच टोपलीतून गेले होते. तिनं लेकीचा हात धरला. "घरी चाल, माय. उद्या मंगळवार हाय, झेंडू तोडाचा हाय."

माझ्यावर थापी फिरली.

आजही मोबाइलवाले येतात, ओट्याभोवती घुटमळतात, 'डबा हरवला' असं लिहून जातात. देवाला घातलेलं पाणी फटीतून झिरपतं. माझा तळ गंजला, फोटोतला चेहरा पुसला गेला. जिनं गावाला पाणी पाजलं, तिला गावानं पाण्यानंच धुऊन टाकलं.

मित्रांनो, हात जरूर जोडा. पण जोडण्याआधी विचारा, हा दगड कुणाचा? मला विचारू नका. तळ गेला, तरी माझं झाकण अजून घट्ट आहे. गुणाचा ना मी!