दोरी सुटते, रुमाल सुटत नाही

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण भिंतीवरचा नव्हे. मोठ्या कलिंगडासारखा गोल. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीच्या विद्यापीठात गणिताच्या वर्गासाठी एका सुताराने मला लाकडातून घडवले आणि काळा रंग दिला. तीस वर्षे माझ्या अंगावर खडूच्या रेघा उमटल्या, पुसल्या गेल्या. "आता समजलं!" असे कितीतरी मुले म्हणाली. मला मात्र स्वतःबद्दलच फारसे समजले नाही. पुढे पडद्यावर चित्रे दिसू लागली आणि माझी रवानगी खिडकीखाली झाली.

तिथेच मला लामारा भेटली. तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आज शेवटची संधी, आणि विषय होता गोलाभोवती काय अडकून राहते आणि काय निसटते. चुकली तर नाव कमी होऊन गावी परत. सकाळपासून ती माझ्याभोवती दोरीचा फास टाकत होती आणि दर वेळी तो घसरून सुटत होता.

"दोरीच अडकत नाही, मग कापड कसं अडकेल? पुस्तकात तर अडकतं म्हणतात!" ती रडवेली झाली.

"अगं पोरी, त्या गोळ्याचा जीव घेशील!" खिडक्या पुसायला आलेल्या दोदो मावशी म्हणाल्या. चर्चसाठी डोक्यावर बांधलेला रुमाल त्यांनी सोडला, धूळ बसू नये म्हणून माझ्याभोवती गुंडाळला आणि चारही टोकांची वर गाठ मारली.

लामाराने रुमाल ओढून पाहिला, सरकवून पाहिला. गाठ न सोडता तो निघेना.

"मावशी, हा मला द्या!"

"ने. पण परत आण हो. उद्या देवापुढे काय तशीच उघड्या डोक्याने उभी राहू?"

परीक्षेला तिने मलाच रुमालाच्या गाठोड्यासकट उचलून नेले. तिचे प्राध्यापक बातोनो रेवाज (बातोनो म्हणजे साहेब) यांनी भुवया चढवल्या. "बाजारातून आलीस का?"

"दोरी गोलावरून निसटते, बातोनो. पण कापडाची सगळी कड एका ठिकाणी बांधली, तर गोल झाकणारं कापड निसटत नाही. एकदा गुंडाळलेलं आणि दोनदा गुंडाळलेलं एकमेकांत बदलत नाही, निराळं निराळंच राहतं."

"बरं. आणि गोल हाच ठेवून कापडाला लांबी-रुंदीच्या पलीकडे आणखी एक मिती दिली तर?"

लामाराने रुमालाची गाठ चाचपून पाहिली. "तेही अडकतं, असं वाचलंय. पण कशाला अडकतं, ते मला दिसत नाही."

"मागे दोन्ही वेळा 'सगळं कळलंय' म्हणालीस. मग मी पुढे विचारू तरी काय?" ते हसले. "आज काय दिसत नाही ते सांगितलंस. पास. सोमवारी ये, दोघं मिळून शोधू."

मित्रांनो, ते वाढीव मितीचे कापड माझ्यात कशाला अडकते, मला आजही उमगत नाही. मी साधा लाकडाचा गोळा. देवाने माझ्यात एवढे काय ठेवले, त्यालाच ठाऊक. एवढीच विनंती आहे: मला ओल्या बोळ्याने पुसू नका, रंग उडतो. आणि कुणी "मला कळलं नाही" म्हणाले, तर हसू नका. त्याला जवळ बसवून घ्या.