कॅप्टनसाहेबांची झाडं

"अहो, ते गाव उचला आता टेबलावरून. उपमा कुठे ठेवू?"

"चर्चच्या उजवीकडे ठेव. तिथं मैदान आहे."

रेखानं खरोखरच बशी चर्चच्या उजवीकडे ठेवली. विनय सप्रेंनी ती दचकून उचलली. "अगं, कॉपी असली म्हणून काय झालं!"

नकाशा शेजारच्या विनिफ्रेड पेंडलबाईंच्या खापरपणजोबांचा होता. कॅप्टन पेंडल. दीडेकशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या दक्षिणेला, इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीवर, निवृत्त सैनिकांची वसाहत कशी वसवावी याचा हा आराखडा. कल्पना सोपी होती. म्हाताऱ्या शिपायाला एक घर, एक तुकडा जमीन आणि एक बंदूक द्यायची. तो सकाळी बटाटे लावील आणि रात्री सरहद्द राखील. पेन्शनरला रिकामं बसू द्यायचं नाही, हे इंग्रजांना तेव्हापासून कळत होतं.

ते शिपाई इथल्याच, साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावरून बोटीत चढले होते, म्हणून स्थानिक इतिहास मंडळानं लायब्ररीत प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नकाशाखालचा माहितीफलक विनयनी लिहायचा होता. ते कौन्सिलमध्ये प्लॅनिंग ऑफिसर होते, आणि मंडळाच्या मते प्लॅनिंग म्हणजे प्लॅनिंग.

विनय पुण्याहून तरुणपणी आले आणि तेव्हापासून लोकांच्या घरांच्या मागच्या बाजू बघत आले. कुणाला स्वयंपाकघर वाढवायचं असे, कुणाला माळ्यावर खोली काढायची असे. ते जागेवर जात, फोटो काढत, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला नोटीस बांधत आणि शेजाऱ्यांच्या हरकतींची वाट बघत. हरकती येतच. सावली पडेल, आवाज होईल, त्यांच्या खिडकीतून आमची बाथरूम दिसेल. एकानं लिहिलं होतं, आमच्या मांजराची उन्हाची जागा जाईल. विनयनी अहवालात मांजराला स्वतंत्र परिच्छेद दिला होता. या नोकरीत माणूस मोठा होत नाही, पण झोप चांगली लागते.

पेंडलबाईंशी ओळखही हरकतीतूनच झाली. सप्र्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर वाढवायला काढलं, तेव्हा बाईंनी कौन्सिलला लेखी कळवलं की यांच्या पंख्यातून येणारा वास माझ्या वाळत घातलेल्या चादरींना लागेल. विनयनी पंखा दुसऱ्या भिंतीला नेला. त्याच आठवड्यात बाई लिंबाचा केक घेऊन आल्या आणि तो वास नेमका कशाचा, हे विचारून गेल्या. पुढे त्यांनी रेखाला गाडी शिकवली, लेकीला, मालविकाला, शाळेतून आणलं, पोहोचवलं. रेखा त्यांना विनीमावशी म्हणे. आता बाई त्र्याऐंशीच्या होत्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ नव्हता.

"आमचं नाव माइकवरून घेतलं जाईल ते हे शेवटचंच," त्या म्हणाल्या होत्या. शनिवारी उद्घाटनाला मेयर येणार होत्या. बाईंनी नवा कोट घेतला होता.

फलक लिहायला विनयना एकच पद्धत येत होती, अहवालाची. 'रस्ता: सरळ, उत्तम. निचरा: शंकास्पद. झाडं: मध्यभागी गोल चिन्हांनी दाखवलेली, बरीच, जुनी असावीत. जपावीत.' प्लॅनिंगच्या नकाशात गोल म्हणजे झाड. आयुष्यभर त्यांनी गोल दिसला की झाड वाचलं होतं.

उपमा खाता खाता त्यांचा चमचा थांबला.

"रेखा, झाडं नदीवर जातात का?"

"कशाला?"

"पाणी आणायला. ही बघ, पाऊलवाट. या गोलांपासून निघते, ती थेट नदीवर."

रेखानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अहो, झाडं कसली! घरं आहेत ही. तिथल्या लोकांची गोल घरं."

घरंच होती. कॅप्टनसाहेबांनी काही लपवलं नव्हतं. एकेक घर नीट काढलं होतं, मग त्यावर पट्टी ठेवून मुख्य रस्ता आखला होता.

"आता हे विनीमावशींना सांगणार तुम्ही?" रेखा म्हणाली. "झाडंच राहू द्या ना. म्हातारी किती खूश आहे. इतक्या वर्षांनी कोण हरकत घ्यायला येणारे?"

"तेच तर. कुणीच येणार नाही."

"मग?"

विनयनी उपमा संपवला.

संध्याकाळी ब्रॅकनेलहून मालविकाचा फोन आला. आईनं तिला सगळं सांगितलेलं होतं.

"बाबा, धिस इज ह्यूज! तुझा रिपोर्ट खूप महत्त्वाचा आहे. तू एक्झिबिशनच कॅन्सल करायला लाव."

"अगं, मी फक्त झाडांची दुरुस्ती करतोय."

"यू आर डिकॉलनायझिंग द लायब्ररी, बाबा."

"शनिवारी केक आहे तिथं. तू येणारेस का?"

अर्ज नामंजूर होणार असेल तर अर्जदाराला आधी तोंडी सांगावं, असा विनयचा रिवाज होता. कॅप्टन उपलब्ध नव्हते. म्हणून ते कुंपणापाशी गेले. पलीकडे बाई वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होत्या. विनयनी सांगितलं. त्यांचं इंग्रजी अशा वेळी फार सरकारी होई, तसं झालं.

बाईंनी हातातली काठी मातीत पूर्ण रोवली.

"माझे वडील सांगायचे, ती सफरचंदाची झाडं," त्या म्हणाल्या. "लहानपणी झोप येत नसली की मी त्यांच्यावर चढायचे. मनातल्या मनात. एक झाड तर माझंच होतं."

"तुम्ही म्हणत असाल तर फलक मी लिहीत नाही. दुसरं कुणीतरी लिहील."

"दुसरं कुणी झाडं लिहील?"

"बहुतेक."

बाई उरलेल्या काठ्या उचलून आत गेल्या. दार हळू लावलं. आपटलं असतं तर विनयना बरं वाटलं असतं.

त्यानंतर पडदे बंदच. रेखा रव्याचे लाडू घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"मिळवलंत?" ती म्हणाली. "सगळ्या शहराला घरं वाढवायची परवानगी दिलीत आणि एवढी एक म्हातारी सांभाळता आली नाही!"

विनयनी दोनदा खोडून दोनदा पुन्हा लिहिलं. शेवटी फलकावर उरलं ते असं: 'जागेवरील घरं: आराखड्यात दाखवलेली. शेजाऱ्यांचं मत: विचारलेलं नाही.'

शनिवारी लायब्ररीत ते फलकाच्या शेजारी उभे राहिले. आपण लिहिलेलं कुणी वाचू नये, असं त्यांना नोकरीत कधी वाटलं नव्हतं. तशी गरजही पडली नव्हती, कुणी वाचतच नसे.

बाई आल्या. निळा नवा कोट, केस सेट केलेले. विनयकडे न बघता त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग समोरच्या रांगेत जाऊन बसल्या.

मेयरनी माइकवरून कॅप्टन पेंडल हे नाव दोनदा घेतलं, त्यातलं एकदा चुकीचं. टाळ्या झाल्या. मग त्या नकाशापाशी आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "तुमच्या पूर्वजांनी झाडी किती छान राखलीय!"

विनयनी बुटांकडे पाहिलं. रेखानं विनयकडे पाहिलं.

"ती घरं आहेत," बाई म्हणाल्या. आवाज शाळेत धडा वाचणाऱ्या मुलीसारखा स्पष्ट होता. "तिथं लोक राहत होते. माझ्या खापरपणजोबांनी त्यांच्यामधून रस्ता काढला."

"इंटरेस्टिंग," मेयर म्हणाल्या. इंग्रज माणूस या शब्दानं विषयावर झाकण ठेवतो. त्या चहाकडे वळल्या, आणि गर्दीही त्यांच्यामागून केकच्या दिशेनं गेली.

बाईंनी खुर्ची मागितली. विनयनी आणून दिली आणि अवघडून बाजूला उभे राहिले.

"विनय, तुमच्या नियमानं कुणाकुणाला विचारायला हवं होतं?"

"प्रत्येक घराला. घरटी एक नोटीस."

"आणि दिव्याचे खांब नसतील तर?"

"मग दारात जाऊन हातात द्यायची."

बाईंनी चष्मा चढवला. नकाशाच्या काचेवर बोट ठेवून त्या एकेक घर मोजू लागल्या. ओठ हलत होते. रस्त्याच्या रेघेखाली काही गोल अर्धे गेले होते. तिथं एक घर की दोन, कळेना. त्या चुकल्या.

"मिस पेंडल, फोटो! सगळे थांबलेत!" पलीकडून कुणीतरी हाक मारली.

त्यांनी न वळताच दुसरा हात वर केला, थांबा म्हणून, आणि नदीच्या बाजूनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.